बिलाचा प्रिंटर गप्प झाला की आधी कार्डाचा नंबर पाहा

२०२५ च्या रमजान ईदेला आठवडा उरला होता. वळसंगसारख्या गावात कापड दुकानाची वर्षाची कमाई ज्या चार-सहा दिवसांवर ठरते, त्यांतलाच तो एक दिवस. सकाळी दुकान उघडले, पहिले गिऱ्हाईक लहान मुलांचे कपडे घेऊन गल्ल्यापाशी आले, पोराने संगणकावर बिल केले आणि प्रिंटर गप्प. कागद भरलेला, दिवा हिरवा, तरी पावती येईना. पडद्यावर 'ऑफलाइन' एवढा एकच शब्द. रात्री वीज गेली होती व पहाटे आली होती, पण याकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष गेले नाही.

दिवसभर हाताने बिले लिहिली. गर्दीत लिहिणाऱ्या पोराने सगळ्या कपड्यांना एकच कर लावला. तेव्हा एक हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग नगावर १२ टक्के जीएसटी होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली असून त्यापुढे १८ टक्के आहे.) महाग नगांवरचा फरक शेवटी आमच्याच खिशातून गेला. दुपारी सोलापूरहून कॉम्प्युटरवाला आला. त्याने तासभर पाहिले आणि कार्ड गेल्याचे सांगितले. फेरीचे व नव्या कार्डाचे मिळून साडेसहा हजार मोजले. प्रिंटर चालू झाला. ईद पार पडली, आणि अकराव्या दिवशी वीज जाऊन आल्यावर तोच प्रिंटर पुन्हा तसाच गप्प झाला.

जुने कार्ड गेलेलेच नव्हते, हे त्या दिवशी कळले. आता बहुतेक दुकानांत असे प्रिंटर बसले आहेत, आणि दोष सापडला नाही की बदलायला सांगितला जाणारा पहिला भाग हे कार्डच असते. म्हणून त्याबद्दल आम्हाला जे उमगले ते व्यापारी बांधवांसाठी येथे देत आहोत.

आधी कार्ड म्हणजे काय ते पाहू. १९९० च्या दशकात दुकानातला प्रिंटर संगणकाला जाड केबलीने बांधलेला असे. संगणकाच्या बाजूला २५ पिना, प्रिंटरच्या बाजूला ३६. एक संगणक, एक प्रिंटर, आणि दोघांमध्ये दोन-तीन हातांचे अंतर. आता गल्ले दोन, कधी गोदामातही संगणक, आणि बिल मोबाईलवरूनही निघते. म्हणून पावतीच्या प्रिंटरलाच दुकानातल्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, जोडतात. एप्सन कंपनीच्या टीएम-टी८८ किंवा टीएम-यू२२० यांसारख्या प्रिंटरच्या पाठीमागे एक खाच असते. दोन स्क्रू काढले की छोटी पाटी बाहेर सरकते. तेच कार्ड. त्यात सिरियल, यूएसबी व नेटवर्क असे प्रकार असतात. इंटरनेटच्या डब्याला लागते तशीच आठ पत्र्यांची तार ज्यात बसते, ते नेटवर्कचे. स्वस्त प्रिंटरांत ते आतच पक्के बसवलेले असते, वेगळे निघत नाही. कार्ड काढताना किंवा घालताना प्रिंटरची वीज बंद असलीच पाहिजे.

हे कार्ड म्हणजे स्वतः एक लहानसा संगणकच आहे. तारेवरून आलेला मजकूर घ्यायचा आणि प्रिंटरच्या हाती द्यायचा, एवढेच त्याचे काम. पण तारेवर अनेकजण असतात. मजकूर नेमका यालाच मिळावा म्हणून त्याला नंबर लागतो. नंबर दोन प्रकारचे असतात, आणि सगळा घोटाळा या दोहोंतला फरक न कळल्याने होतो.

कापडवाल्याला हा फरक समजायला अवघड नाही. ताक्याच्या काठावर मिलचा शिक्का असतो. ताका सुरतेहून सोलापूरला आला, सोलापूरहून वळसंगला आला, तरी शिक्का बदलत नाही. गाठीवर लिहिलेला पत्ता मात्र प्रत्येक मुक्कामाला बदलतो. कार्डावरही कारखान्यातच एक शिक्का मारलेला असतो. त्याला मॅक नंबर म्हणतात. तो बारा अंक-अक्षरांचा असून त्यातली पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची असतात. दुसरा म्हणजे आयपी नंबर. हा गाठीवरचा पत्ता. १९२.१६८.१.१०४ असे त्याचे रूप असते. (येथे मराठी आकड्यांत छापला आहे. संगणकात टाकताना इंग्रजी आकडेच टाकावेत.) १९२.१६८ ने सुरू होणारे नंबर १९९६ च्या नियमानुसार खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे आमच्या दुकानातला नंबर आणि सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानातला तोच नंबर यांची टक्कर होत नाही. एकाच दुकानात दोघांना एकच नंबर मिळाला तर मात्र होते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, म्हणून हे इंग्रजी काम आपले नव्हे असे आम्ही धरून चाललो होतो. खरे तर उर्दूत अक्षरे उजवीकडून लिहितात, पण आकडे सगळ्या जगासारखे डावीकडूनच वाचतात. चार आकडे आणि तीन टिंबे वाचायला कोणत्याच माध्यमाची अडचण येत नाही. ही भीती आम्हाला साडेसहा हजाराला पडली.

हा आयपी नंबर देतो कोण? आपण हाताने दिला नसेल तर इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर देतो. त्याच्याकडे नंबरांची एक रास असते. जो येईल त्याला त्यातला एक काही मुदतीसाठी मिळतो. अनेक स्वस्त डब्यांची वही वीज गेली की कोरी होते. वीज आल्यावर जो आधी जागा होईल त्याला आधीचा नंबर. प्रिंटर सकाळी दुकान उघडल्यावर चालू होतो. तोपर्यंत नोकरांचे मोबाईल दारातच वायफायला लागलेले असतात. आम्हीच मोठ्या मनाने सगळ्यांना वायफायचा परवलीचा शब्द देऊन ठेवला होता!

आमच्या प्रिंटरला १०४ नंबर होता. त्या पहाटेनंतर तो एका मोबाईलला गेला आणि प्रिंटरला दुसराच मिळाला. संगणकाला हे कोण सांगणार? तो बिले १०४ लाच पाठवत राहिला.

कॉम्प्युटरवाल्याने काय तपासले तेही सांगतो, कारण वरवर पाहता त्याची पद्धत बरोबर होती. त्याने प्रिंटर बंद करून, कागद सरकवण्याचे बटण दाबून धरून पुन्हा चालू केला. चाचणीची पट्टी स्वच्छ निघाली, म्हणजे प्रिंटर ठीक. मग त्याने संगणकावरून १०४ ला 'पिंग' केले. पिंग म्हणजे हाक मारणे. समोरचा जागा असेल तर ओ देतो. ओ आली. म्हणजे तार ठीक, नेटवर्क ठीक. उरले काय? कार्ड हाकेला ओ देते पण मजकूर प्रिंटरला देत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. नवे कार्ड बसवले, त्याला डब्याने जो नवा नंबर दिला तो संगणकात भरला, आणि पावती निघाली. त्याचाही विश्वास बसला, आमचाही. नवा नंबरसुद्धा डब्याच्याच मर्जीचा होता, हे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या वेळी आमची भाची सुटीला घरी आलेली होती. ती सोलापूरला कॉम्प्युटरचे शिकते. आम्ही तिला सांगितले की हाकेला ओ येते, म्हणजे पुन्हा कार्डच गेले असणार. ती म्हणाली, "मामू, ओ येते हे खरं, पण ओ देतंय कोण ते बघितलंत का?" तिने प्रिंटरच्या मागची तार उपटून हातात धरली आणि आम्हालाच पिंग करायला लावले. तार काढलेली असूनही ओ आली!

त्या क्षणी जे कळले ते शंभर पाने वाचून कळले नसते. प्रिंटर जोडलेलाच नाही आणि त्याच्या नावाने कोणीतरी उत्तर देतो आहे. मग तिने संगणकाच्या काळ्या खिडकीत 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली. कोणत्या आयपी नंबराच्या मागे कोणता मॅक नंबर आहे, याची यादी त्यातून येते. गाठीवरचा पत्ता आणि आतल्या ताक्याचा शिक्का दोन्ही शेजारी शेजारी. प्रिंटरच्या कार्डाचा शिक्का वेगळा होता आणि यादीतला वेगळा. दुकानातले मोबाईल एकेक करून वायफायवरून काढले तेव्हा तिसऱ्याला ओ बंद झाली.

प्रिंटरचा स्वतःचा शिक्का कुठे पाहायचा? एप्सनच्या नेटवर्क कार्डावर तारेच्या खाचेजवळ एक बारीक बटण असते. प्रिंटर चालू असताना ते तीनेक सेकंद दाबून धरले की एक पट्टी छापून येते. तिच्यावर मॅक नंबर, सध्याचा आयपी नंबर आणि तो आपोआप मिळाला की हाताने दिलेला, हे सर्व असते. मात्र जपून. तेच बटण दहा सेकंदांहून जास्त दाबले तर कार्ड कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जाते व आपण भरलेले सगळे पुसले जाते. इतर अनेक प्रिंटरांत चालू करताना कागदाचे बटण दाबून जी चाचणीची पट्टी निघते, तिच्यावरच नेटवर्कची माहिती असते. पट्टी हातात आल्याशिवाय कार्ड मेले असे कोणालाही म्हणू देऊ नये. निदान आम्ही आता देत नाही.

आता कायमचा इलाज. प्रिंटरला हाताने पक्का नंबर द्यायचा, आणि तो डब्याच्या राशीच्या बाहेरचा द्यायचा. ही दुसरी अट लोक विसरतात. डबा १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत सगळेच वाटत असेल, आणि आपण प्रिंटरला २०० दिला, तर उद्या डबा तोच २०० एखाद्या मोबाईलला देऊ शकतो. मग पावती कधी येईल, कधी नाही, आणि असा अधूनमधून येणारा दोष शोधायला सर्वांत वाईट. म्हणून आधी डब्याच्या मांडणीत जाऊन रास लहान करावी. आम्ही ती १०० ते १५० केली. प्रिंटरला २०० दिला, गोदामातल्या दुसऱ्याला २०१.

नवे किंवा मूळ मांडणीवर गेलेले कार्ड असेल तर आणखी एक अडचण येते. एप्सनच्या अनेक कार्डांचा कारखान्यातला नंबर १९२.१६८.१९२.१६८ असतो. काही चिनी प्रिंटरांचा १९२.१६८.१२३.१०० असतो. आपले दुकान १९२.१६८.१ या मोहल्ल्यात आणि प्रिंटर दुसऱ्याच मोहल्ल्यात. एकमेकांना दिसणार नाहीत. अशा वेळी डबा बाजूला ठेवून संगणक व प्रिंटर एका तारेने थेट जोडावेत. संगणकाला तात्पुरता प्रिंटरच्या मोहल्ल्यातला नंबर द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१९२.२, आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग इंटरनेट पाहण्याच्या खिडकीत प्रिंटरचा नंबर लिहिला की कार्डाचे स्वतःचे पान उघडते. तिथे नवा नंबर १९२.१६८.१.२००, मास्क तोच आणि गेटवे म्हणून डब्याचा नंबर, बहुधा १९२.१६८.१.१, भरावा. प्रिंटर बंद करून चालू करावा व संगणकाचा नंबर पुन्हा 'आपोआप' वर ठेवावा. हे शेवटचे राहिले की प्रिंटर चालतो आणि इंटरनेट बंद, अशी नवीच तक्रार सुरू होते.

यानंतर संगणकाला नवा पत्ता सांगायचा. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत 'पोर्ट्स' हा भाग असतो. तिथे 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नवीन जोडावा, २०० चा नंबर टाकावा, प्रकार 'रॉ' आणि पोर्ट ९१०० ठेवावा. नंबर म्हणजे इमारत, तर पोर्ट म्हणजे तिच्यातला दरवाजा. ९१०० हा दरवाजा एचपी कंपनीच्या जेटडायरेक्ट कार्डांपासून रूढ झाला आणि आज जवळपास सगळे पावती प्रिंटर तोच वापरतात. त्याच पानावर 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण काढून टाकावी. संगणक त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतो, पुष्कळ पावती प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आणि चांगला चालणारा प्रिंटर 'ऑफलाइन' दिसू लागतो. अडकून पडलेली जुनी बिले आधी रद्द करावीत. नाहीतर नंबर जुळला की सकाळपासूनची सगळी बिले एकदम बाहेर पडतात व रोल संपतो. आमचा संपला.

९१०० च्या दरवाज्याला कुलूप नसते, हेही ध्यानात घ्यावे. दुकानाच्या वायफायवर असलेला कोणीही तिथे मजकूर पाठवू शकतो. गिऱ्हाइकांना व नोकरांना डब्यातले वेगळे 'गेस्ट' वायफाय द्यावे. पण बिल करणारा मोबाईल चुकून त्या गेस्टवर राहिला तर त्याला प्रिंटर सापडणार नाही, कारण गेस्टवाल्यांना आतले काही दिसू नये अशीच ती सोय आहे. दोन गल्ले असतील तर दुसरी एक गोष्ट घडते. बहुतेक कार्डे या दरवाज्याने एका वेळी एकालाच आत घेतात. पहिल्या गल्ल्याच्या सॉफ्टवेअरने काम झाल्यावर दार सोडले नाही तर दुसरा ताटकळत राहतो. तो दोष कार्डाचा नाही, सॉफ्टवेअरचा. मराठीत छापलेली पावती हळू येते असेही काहीजण म्हणतात. बहुतेक पावती प्रिंटरांत नागरी अक्षरे भरलेली नसतात, म्हणून संगणक ती चित्र करून पाठवतो. त्यालाही कार्ड जबाबदार नाही.

तारेचे म्हणाल तर खाचेजवळचे दोन बारीक दिवे पाहावेत. एक जोडणी लागली की पेटतो, दुसरा मजकूर येता-जाता लुकलुकतो. दोन्ही विझलेले असतील तर नंबराच्या मागे लागू नये, तार किंवा खाच पाहावी. आमच्या धंद्यात एक खास शत्रू आहे, कापडाचा कस. चादरी आणि टॉवेल झटकताना उडणारे तंतू खाचेत जाऊन बसतात. ओल्या हवेत त्यांचा लगदा होतो आणि पत्र्या नीट टेकत नाहीत. महिन्यातून एकदा वीज बंद करून मऊ ब्रशने साफ करावे. तार बनवून घेताना आतल्या जोड्यांचा क्रम ठरलेला असतो: पहिली-दुसरी एका जोडीची, तिसरी-सहावी दुसऱ्या जोडीची. ताण्याचे धागे फणीत चुकीच्या घरात ओवले तर जे कापडाचे होते, तेच येथे होते. गल्ल्यापासून हातभर अंतरावर चालते आणि गोदामापर्यंत नेले की अडखळते. एका तारेची मर्यादा १०० मीटरची आहे.

गल्ल्याचे खण उघडणारी तारही प्रिंटरलाच लागते. तिचे टोक टेलिफोनच्या टोकासारखे सहा घरांचे, लहान असते. ते नेटवर्कच्या मोठ्या खाचेत सैलसर शिरते, आणि साफसफाई करताना पोरे ते तिथेच खुपसतात. खाचेतल्या कडेच्या दोन पत्र्या त्याने दबतात. त्यातली पहिली कामाची असते. असे झाले तर मात्र कार्ड खरोखर बिघडू शकते. दुसरे खरे कारण म्हणजे वळवाच्या पावसातली वीज. ती खांबावरून आलेल्या तारेने डब्यात आणि डब्यातून कार्डात पोचते. ढग गडगडू लागले की नेटवर्कची तारही काढून ठेवावी. नुसते विजेचे बटण बंद करून भागत नाही.

प्रिंटर बंद असला तरी दुकान थांबत नाही, म्हणून हातबिलाचे पुस्तक छापून ठेवावे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा अनुक्रमांक १६ अक्षरांच्या आत असावा व त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. मालिका एकाहून अधिक चालतात. म्हणून हातबिलाला वेगळे अक्षर देऊन वेगळी मालिका ठेवावी. संगणकाचाच पुढचा नंबर हाताने लिहिला तर प्रिंटर सुरू झाल्यावर तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. त्या ईदेच्या दिवशी आमची अशी नऊ बिले दुहेरी झाली होती, आणि ती निस्तरताना कर सल्लागाराने जे ऐकवले ते येथे लिहीत नाही.

जुने कार्ड आम्ही परत बसवले. ते आजही चालते आहे. नवे कार्ड गल्ल्याच्या खणात ठेवले आहे आणि भिंतीवर एक कागद चिकटवला आहे, त्यावर दोन्ही प्रिंटरांचे आयपी नंबर, मॅक नंबर आणि डब्याची रास. पुढे इंटरनेटवाल्यांनी डबा बदलला तेव्हा या कागदाचा उपयोग झाला. नव्या डब्याचा मोहल्लाच वेगळा निघाला, १९२.१६८.२९. लगेच दोन्ही प्रिंटर गप्प. ते, संगणक आणि मोबाईल सगळे नव्याने जुळवण्यापेक्षा भाचीने फोनवरून सांगितले तसे डब्याचाच नंबर बदलून १९२.१६८.१.१ केला आणि रास पुन्हा १०० ते १५० ठेवली. दहा मिनिटांत पहिली पावती आली. ती एका टॉवेलची होती.